वृंदनायकाचे हात

मनुष्य केवळ जिभेनेच बोलतो, असे नाही. आई नुसते डोळे वटारते आणि खोडकर मूल जागच्या जागी थांबते. शिक्षक ओठांवर बोट ठेवतात आणि गजबजलेला वर्ग शांत होतो. चौकातला पोलीस हात आडवा करतो आणि धावती वाहने उभी राहतात. ह्या तिन्ही ठिकाणी एकही शब्द उच्चारला जात नाही; तरी सांगायचे ते नेमके पोहोचते. हात, डोळे, चेहरा, मान, खांदे, किंबहुना उभे राहण्याची ढब, ह्या सर्वांची मिळून एक भाषा असते. तिला देहबोली म्हणतात.

ह्या मूक भाषेचे खरे सामर्थ्य पाहायचे असेल, तर ते समूहगायनात पाहावे. पन्नास गळे एकत्र गाऊ लागले, म्हणजे प्रत्येकाचा श्वास वेगळा, आवाज वेगळा आणि स्वभावही वेगळा असतो. त्या पन्नासांना एका सुरात आणि एका लयीत बांधून ठेवणारी एक व्यक्ती त्यांच्यासमोर उभी असते. तिला वृंदनायक म्हणतात. वृंदनायक बहुधा स्वतः गात नाही, वाद्यही वाजवीत नाही. सर्वांत जास्त काम करणारा आणि तरी सर्वांत मुका, असा हा कलावंत होय. त्याच्या मुकेपणातून एवढे गाणे कसे निर्माण होते?

ह्या प्रश्नाचा विचार आपल्या महाराष्ट्रात फार पूर्वीच झालेला आहे. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, ह्या शहरापासून सुमारे पंधरा किलोमीटर अंतरावर देवगिरीचा किल्ला आहे. ही यादव राजांची राजधानी. पुढे इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने आपली राजधानी येथे आणली व ह्या स्थळाला दौलताबाद हे नाव दिले. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात, येथे सिंघण नावाचा यादव राजा राज्य करीत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा एक विद्वान होता. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. त्याचा आजा भास्कर दक्षिणेत येऊन स्थायिक झाला होता. शार्ङ्गदेवाकडे दरबारी हिशेबाच्या खात्याचे मोठे अधिकारपद होते. जमाखर्चाचे आकडे सांभाळणाऱ्या ह्या अधिकाऱ्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ लिहिला. स्वर, राग, ताल, वाद्ये आणि नृत्य ह्यांचे त्यात इतके सविस्तर विवेचन आहे की, उत्तरेकडील हिंदुस्थानी आणि दक्षिणेकडील कर्नाटक, ह्या दोन्ही संगीतपद्धतींत हा ग्रंथ आजही आदराने अभ्यासला जातो.

ह्या ग्रंथात शार्ङ्गदेवाने वृंदाचे, म्हणजे गायक-वादकांच्या समूहाचे वर्णन केले आहे. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ त्यांना साथ देणारे गायक, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, असे तो सांगतो. ही संख्या बत्तीस होते. ह्याहून मोठ्या समूहाला त्याने नाव दिले आहे ‘कोलाहल’! हे नाव वाचून हसू येते. परंतु माणसे वाढली की त्यांना एकत्र ठेवणे किती अवघड होते, हेही त्यातून सुचते.

चांगल्या वृंदाचे सहा गुणही त्याने सांगितले आहेत. वृंदाने मुख्य गायकाच्या मागोमाग जावे, हा पहिला गुण. सर्वांचे आवाज एकमेकांत मिसळून जावेत, हा दुसरा. ताल आणि लय ह्यांना धरून राहावे, हा तिसरा. कोणाचा सूर मध्येच तुटला, तर दुसऱ्याने तो सावरून घ्यावा, हा चौथा. मंद्र, मध्य आणि तार अशा तिन्ही स्थानांत गाण्याची शक्ती असावी, हा पाचवा; आणि सर्वांच्या आवाजाचा नाद सारखा असावा, हा सहावा. ह्यांतला चौथा गुण विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. वृंदात चुका होणारच, हे शार्ङ्गदेवाने गृहीत धरले आहे. चूक करणाऱ्याला बाहेर काढा, असे तो म्हणत नाही; त्याला सावरून घ्या, असे म्हणतो.

आता हाताकडे वळू. गाणे कालात चालते, आणि काल तर डोळ्यांना दिसत नाही. तो दिसावा म्हणून आपल्या पूर्वजांनी हाताच्या क्रिया ठरविल्या. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेल्या ह्या क्रिया शार्ङ्गदेवाने नीट समजावून दिल्या आहेत. त्यांचे दोन वर्ग आहेत. ज्यांत आवाज होतो त्या सशब्द क्रिया, आणि ज्यांत आवाज होत नाही त्या निःशब्द क्रिया. चुटकी वाजवीत हात खाली आणणे, उजव्या हाताने टाळी देणे, डाव्या हाताने टाळी देणे आणि दोन्ही हात एकमेकांवर आणणे, ह्या चार सशब्द क्रिया. तळहात वर करून बोटे मिटणे, तळहात खाली करून बोटे पसरणे, हात उजवीकडे टाकणे आणि पालथ्या हाताची बोटे पुन्हा मिटणे, ह्या चार निःशब्द क्रिया. म्हणजे तालाचा जो भाग ऐकू येत नाही, तो डोळ्यांना दिसावा अशी ही योजना होती.

ही योजना आजही जिवंत आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा मोजताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर आपण टाळी देतो. नवव्या मात्रेवर मात्र टाळी न देता हात बाजूला नेतो. तिला ‘खाली’ म्हणतात. संगीताच्या वर्गात बसलेला लहान मुलगा हात बाजूला नेतो, तेव्हा तो शेकडो वर्षांची जुनी खूण करीत असतो. फक्त त्याला ते ठाऊक नसते.

हात चांगले तसे देह वाईट असूनही चालत नाही. शार्ङ्गदेवाने गायकाचे पंचवीस दोष दिले आहेत, त्यांतले कित्येक गळ्याचे नसून शरीराचे आहेत. कोणी दात आवळून गातो, कोणी भेसूर तोंड वासतो, कोणी मान वाकडी करतो, कोणी उंटासारखी मान उंच ताणतो, कोणी गाल फुगवितो, कोणी हातपाय पसरीत गातो, तर कोणी डोळे मिटून घेतो. हे दोष केवळ पाहणाऱ्याला खटकतात म्हणून सांगितलेले नाहीत. शरीर ताठले की सूरही ताठतो, हा अनुभव त्यामागे आहे.

ह्याचे कारण आपल्या शरीररचनेत आहे. छाती आणि पोट ह्यांच्यामध्ये एक घुमटाकार स्नायू असतो. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना ते खाली सरकते आणि फुप्फुसांत हवा भरते. ती हवा बाहेर पडताना कंठातील स्वरतंतू कंप पावतात आणि आवाज निर्माण होतो. खांदे कानांपर्यंत उचलले, मान ताणली किंवा जबडा आवळला, तर गळ्याभोवतीचे स्नायू आखडतात. मग स्वरतंतूंना मोकळेपणी हलता येत नाही आणि आवाज चिरका व दबलेला निघतो. खांदे सैल, पाठ सरळ आणि जबडा मोकळा असेल, तर तोच आवाज भरदार आणि गोड होतो.

येथेच वृंदनायकाच्या देहबोलीचे रहस्य उलगडते. मनुष्य समोरच्या माणसाचे नकळत अनुकरण करतो. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला येते. समोरचा हसला की आपलेही ओठ हलतात. गायकांचेही तसेच होते. वृंदनायकाने खांदे उचलून धसमुसळेपणाने श्वास घेतला, तर समोरच्या पन्नास जणांचेही खांदे थोडेथोडे वर जातात. त्याने मूठ आवळली, तर त्यांचे गळे आवळतात. त्याने ओठ गोल केले, तर त्यांचेही ओठ गोल होऊ लागतात आणि त्यांच्या ‘ओ’ आणि ‘उ’ ह्या स्वरांचा नाद पालटतो. अलीकडच्या काळात संशोधकांनी गायकांवर ह्यासंबंधी प्रयोग केले, तेव्हा त्यांनाही असेच परिणाम दिसून आले. म्हणून शहाणा वृंदनायक आरंभी हात उचलतो तेव्हा स्वतःही शांतपणे, खोल श्वास घेतो. तो श्वास पाहून सर्व गायक श्वास घेतात. पहिला सूर निघण्यापूर्वीच गाणे असे सुरू झालेले असते. त्या एका श्वासात गाण्याची लय, त्याचा जोर आणि त्याचा भाव, तिन्ही सांगून झालेले असतात.

वृंदनायक डोळ्यांना दिसणे आवश्यक का असते, ह्याला भौतिकशास्त्रातील कारणही आहे. हवेतून आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. प्रकाश मात्र एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. समजा, मोठ्या मैदानावर मुले गाण्यासाठी उभी आहेत. पुढच्या रांगेचा आवाज १७० मीटर मागे असलेल्या मुलाला ऐकू येण्यास अर्धा सेकंद लागतो. मिनिटाला १२० मात्रा, अशा लयीचे गाणे असेल, तर अर्ध्या सेकंदात एक पूर्ण मात्रा निघून जाते. तो मुलगा ऐकून गाऊ लागला, तर नेहमी एक मात्रा मागेच राहील. तो वृंदनायकाचा हात पाहून गाईल, तर मात्र सर्वांबरोबर गाईल. हाताची खूण आवाजाच्या पुढे धावते, ती अशी.

पाश्चात्य देशांत वृंदनायकाची कला वेगळ्या वाटेने वाढली. पूर्वी तेथे जमिनीवर काठी आपटून ताल देण्याची रीत होती. फ्रान्सचा प्रसिद्ध संगीतकार झां-बाप्तिस्त ल्युली इ. स. १६८७ मध्ये असाच ताल देत असताना जड काठी त्याच्या पायाच्या बोटावर आदळली. जखम चिघळली आणि त्यातच त्याचा अंत झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात आवाज न करणारी हलकी, छोटी छडी रूढ झाली. आजचा वृंदनायक चार मात्रांचे आवर्तन उजव्या हाताने असे दाखवितो: पहिली मात्रा खाली, दुसरी डावीकडे, तिसरी उजवीकडे आणि चौथी वर. तीन मात्रांचे आवर्तन असेल, तर खाली, उजवीकडे आणि वर. पहिली मात्रा नेहमी खाली येते. म्हणून मध्येच वाट चुकलेल्या गायकालाही आवर्तनाचा आरंभ चटकन सापडतो. आपल्या समेचेच हे भावंड म्हणावे.

उजवा हात काल मोजतो, तर डावा हात भाव सांगतो. तळहात वर करून तो हळूहळू उचलला की आवाज वाढतो. पालथा करून खाली आणला की आवाज मंद होतो. हात पाण्यावरून फिरल्यासारखा संथ गेला, तर सूर एकमेकांत गुंफले जातात. बोटे टिचकी मारल्यासारखी हलली, तर सूर सुटे आणि टणक निघतात. आणि चेहरा? तो तर ह्या सर्वांवर कळस चढवितो. हातांनी शोकगीताची लय दाखवायची आणि चेहऱ्यावर मात्र घाई दिसायची, असे झाले की गायक गोंधळतात. हात आणि चेहरा ह्यांनी एकच गोष्ट सांगितली पाहिजे.

मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांनी ही कला व्हिएन्नात शिकून घेतली आणि पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क व इस्राएल येथील मोठमोठ्या वाद्यवृंदांचे नेतृत्व केले. मुंबईतच व्हिक्टर परंज्योती ह्यांनी गायकवृंद उभारला, आणि १९६७ पासून कूमी वाडिया ह्यांनी त्याचे नेतृत्व अनेक वर्षे केले. भारतात स्त्रिया क्वचितच ज्या जागी दिसत, त्या जागी त्या उभ्या राहिल्या. मराठी संगीतकार वसंत देसाई ह्यांनी शाळांतील हजारो मुलांना एकत्र करून समूहगीते गाऊन घेतली. मैदान भरून उभी राहिलेली मुले आणि समोर उंचावर एकच माणूस, असे ते दृश्य असे.

परंतु वृंदनायक म्हटले की केवळ काळा कोट आणि हातात छडी, असे चित्र डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. छत्रपती संभाजीनगरच्या दक्षिणेस गोदावरीच्या काठी पैठण आहे. संत एकनाथांनी इ. स. १५९९ मध्ये येथे देह ठेवला. फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीचा उत्सव भरतो, तेव्हा दूरदूरच्या दिंड्या पैठणात येतात. तेथे कीर्तन कसे उभे राहते, ते पाहावे. पुढे कीर्तनकार, जवळ मृदंगी आणि मागे टाळकऱ्यांच्या रांगा. कीर्तनकार निरूपण करीत असतो तोपर्यंत टाळ शांत असतात. तो अभंगाच्या चरणाकडे वळतो, त्याचा हात किंचित वर जातो, आणि त्याच क्षणी टाळकरी ध्रुपद उचलून धरतात. हात उंच गेला, पाय ठेक्यावर पडू लागले की लय चढते. हात खाली आला, मान झुकली की टाळ मंदावतात आणि पुन्हा एकट्याचा आवाज ऐकू येतो. कोणीही कोणास ‘आता गा’ किंवा ‘आता थांबा’ असे सांगत नाही. टाळकऱ्यांचे डोळे कीर्तनकाराच्या हाताकडे असतात, एवढेच.

आषाढी वारीत ह्याहूनही मोठा प्रत्यय येतो. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर शेकडो दिंड्या चालतात. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाज आरती होते. सर्व दिंड्यांचे टाळ एकाच वेळी वाजत असतात आणि आकाश दणाणून जाते. मग चोपदार हातातील दंड उंच करतो. क्षणात सर्व टाळ थांबतात आणि हजारो माणसांच्या त्या समाजावर शांतता पसरते. एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तिचे म्हणणे ऐकून घेतो, आणि मगच पुढचे कार्य होते. ही रीत फार विचार करण्याजोगी आहे. दंड उचलणाऱ्याच्या अंगी हजारोंना थांबविण्याचे सामर्थ्य असते. पण न थांबणाऱ्या एकाचे ऐकण्याचे कर्तव्यही त्याच्याकडेच असते.

शाळेत समूहगीत बसविताना ह्या सर्व गोष्टी अनुभवास येतात. समजा, दोन वर्गांनी एकच गीत निवडले आहे. पहिल्या वर्गाचा नायक कपाळाला आठ्या घालून उभा राहतो. कोणी चुकले की त्याच्याकडे रोखून पाहतो. हात जोरजोराने हवेत मारतो. मुले त्याला भितात. भिणाऱ्याचा श्वास उथळ होतो, उथळ श्वासावर सूर टिकत नाही, आणि जो मुलगा आधीच बिचकत होता तो नुसते ओठ हलवू लागतो. वर्गातले गळे चाळीस असले, तरी गाणारे तीसच उरतात. दुसऱ्या वर्गाची नायिका सर्वांना दिसेल अशा जागी उभी राहते. आरंभापूर्वी एकदा सर्वांवरून दृष्टी फिरविते. तिचे हात मोठे हलत नाहीत, पण नेमके हलतात. मागच्या रांगेतील एका मुलीचा सूर घसरतो, तेव्हा ती तिच्याकडे पाहून किंचित मान हलविते आणि शेजारच्या मुलींना डाव्या हाताने आवाज थोडा वाढविण्याची खूण करते. घसरलेला सूर त्या आवाजाचा आधार घेऊन पुन्हा उभा राहतो. ऐकणाऱ्याला काही घडले हे कळतही नाही. शार्ङ्गदेवाने सांगितलेला चौथा गुण तो हाच.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वृंदनायकाचे हात गायकांना ओढून नेत नाहीत. ते त्यांना बळ देतात. आवाज गायकांचाच असतो. नायक केवळ त्यांना एकमेकांचे ऐकायला लावतो. त्यासाठी त्याला आधी स्वतः ऐकावे लागते. हात हलविण्याचे शिक्षण काही महिन्यांत मिळू शकेल. परंतु पन्नास आवाजांतून एक बिचकणारा आवाज ओळखणे आणि त्याला धीर देणे, हे शिकायला पुष्कळ वर्षे लागतात.

आणि गाणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. नायक कितीही निपुण असला आणि गायकांचे डोळे मात्र जमिनीकडे असले, तर त्याचे हात व्यर्थ होत. म्हणून वृंदात गाताना मान वर असावी, दृष्टी नायकाकडे असावी आणि कान शेजाऱ्याकडे असावे. एवढे साधले, की अनेक कंठांतून निघणारा नाद एकाच कंठातून निघाल्यासारखा वाटतो, आणि त्यात आपला आवाज कोठे संपला आणि दुसऱ्याचा कोठे सुरू झाला, हे गाणाऱ्यालाही सांगता येत नाही.